फिरत्या घरातले दिवे गेले, तर?

मैत्रिणींनो, सहलीला निघताना आपण बरोबर काय काय घेतो, ते मी तुम्हांला सांगायला नको. मेतकूट, लसणीची चटणी, दशम्या, लिंबाचं लोणचं, सुईदोरा, सेफ्टी पिना, वेखंडाची पूड. मागच्या सप्टेंबरात आम्ही दोघं अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. तिथे मोटरहोमच्या सहलीसाठी मी अशीच एक पिशवी भरली. लेक हसायला लागली. म्हणाली, "अगं आई, खायचा सोडा कशाला? तिथे का ढोकळा करणार आहेस?"

त्या चिमूटभर सोड्यानंच पुढे आमची सहल वाचवली! कशी, तेच आज सांगणार आहे.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा आणि मागे सगळा संसार. ओटा, शेगडी, फ्रीज, बिछाने, न्हाणी, सगळं बसएवढ्या गाडीत बसवलेलं. आता आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं परदेशी आहेत. 'आई-बाबा आले' म्हटलं की अशी गाडी भाड्यानं घेऊन फिरायला नेतात. आपल्या महाराष्ट्र शासनानंही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हा आज ना उद्या तुमच्यावरही असल्या घरात राहायची वेळ येईल. आणि घर आलं की घरातली वीज जाणं आलंच!

ती रात्र

यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेलं अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या मोठ्या सरोवराची उंची सुमारे ७,७०० फूट. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आतबाहेर, म्हणजे थंडीची कल्पना करा. आम्ही मुक्काम केला त्या जागी गाडीला बाहेरून वीज जोडायची सोय नव्हती. गाडीतल्या बॅटरीवर रात्र काढायची होती.

संध्याकाळी सगळे मजेत होते. मोठ्या नातीनं टीव्ही लावला. लेकीनं विजेच्या किटलीत दोनदा चहाचं पाणी तापवलं, न्हायल्यावर केस वाळवायचं यंत्र फिरवलं. जावयांनी सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावले. बाहेर गारठा वाढला तशी फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवणारी भट्टी, घूं घूं करत चालू झाली. आठ महिन्यांची धाकटी नात माझ्या कुशीत झोपली होती.

रात्री दोनच्या सुमारास टिक्‌... टिक्‌... असा आवाज यायला लागला. भट्टीचा पंखा घरघरला आणि बंद पडला. दिवा लावून बघते, तर तो समईसारखा मिणमिणता.

झालं! दोन्ही पुरुष उठले. जावईबापू टॉर्च घेऊन फ्यूजच्या पेटीतले फ्यूज एकेक करून उपसायला लागले. आमचे हे म्हणाले, "भाड्याची गाडी अशीच असायची." फोनला रेंज नाही. बाळ गार पडायला लागलं, आणि फ्रीजमध्ये ह्यांच्या इन्शुलिनची महिन्याभराची पेनं होती! लेक म्हणाली, "बाहेर एवढं गार आहे, बाहेरच ठेवू या." मी नको म्हटलं. एकदा गोठलेलं इन्शुलिन वापरता येत नाही, फेकावंच लागतं. आणि तो मुलूख अस्वलांचा! फ्रीज न उघडता बंद ठेवला, तर आतला गारवा सकाळपर्यंत टिकतो. रोज वापरातलं पेन तर तसंही बाहेरच असतं.

मग मी जावयांना म्हटलं, "आधी फ्यूज होते तिथे घाला बरं. काय गेलंय आणि काय आहे, ते तर बघू."

मला काही इंजिनीअरिंग येत नाही हो. पण घरात गूळ संपला की साखर, हे जसं आपल्याला कळतं, तसं शोधायचाही एक क्रम असतो, तो आपल्याला कळतो. हरवलेली किल्ली आपण सगळं घर उलथंपालथं करून शोधत नाही. आधी खुंटी, मग पर्स, मग ओटा. मोटरहोमच्या विजेचंही तसंच आहे.

नळाचं पाणी आणि पिंपातलं पाणी

एक गोष्ट मनात पक्की धरा. मोटरहोममध्ये वीज दोन प्रकारची असते.

पहिली बाहेरची वीज. तळावर एक खांब असतो, त्यातून जाड केबलनं ती गाडीत येते. अमेरिकेत ती १२० व्होल्टची असते (आपल्या घरात २३० व्होल्टची). वातानुकूलन, मायक्रोवेव्ह, किटली आणि भिंतीतले प्लग हिच्यावर चालतात. गाडीत जनरेटर असेल तर तोही हीच वीज तयार करतो.

दुसरी बॅटरीची वीज, फक्त १२ व्होल्टची. दिवे, पाण्याचा पंप, भट्टीचा पंखा आणि गॅस गळला तर ओरडणारं यंत्र हिच्यावर चालतं. आमचा फ्रीज गॅसवरचा होता, पण त्याचीही कळ चालायला ही बॅटरी लागतेच.

आपल्या भाषेत सांगायचं, तर बाहेरची वीज म्हणजे नळ आणि बॅटरी म्हणजे पिंप. नळ आला की पिंप भरून ठेवायचं आणि नळ गेला की पिंपातलं पाणी जपून वापरायचं. पिंप भरण्याचं काम करणाऱ्या यंत्राला कन्व्हर्टर म्हणतात. उलट, पिंपातली वीज प्लगला पुरवणारा असतो तो इन्व्हर्टर, आपल्या घरी असतो तोच. गाडी चालू असतानाही इंजिन हे पिंप भरत असतं. याशिवाय इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी असते, म्हणजे घरातलं पाणी संपलं तरी गाडी अडत नाही.

आता पिंप केवढं? १०० अँपिअर-तासांची साधी शिशाची बॅटरी असेल, तर तिच्यातली निम्मी वीजच वापरावी. त्याखाली वारंवार गेलं तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी राहिले ५० अँपिअर-तास. भट्टीचा पंखाच चालू असताना सात-आठ अँपिअर खातो. थंडीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ जरी चालला, तरी पस्तीस-चाळीस तिथेच गेले. दीड हजार वॅटची किटली तर इन्व्हर्टरवर सव्वाशे अँपिअरपेक्षा जास्त ओढते! आम्ही संध्याकाळी नळ सोडून ठेवावा तशी वीज ओतून टाकली होती.

आधी विचारा, 'काय काय गेलंय?'

दिवे चालू आहेत, पण प्लग आणि मायक्रोवेव्ह बंद? मग बाहेरच्या विजेत घोटाळा आहे. प्लग चालू आहेत, पण दिवे मंद आणि पंप कण्हतोय? मग बॅटरी, तिची जोडणी नाहीतर कन्व्हर्टर. एकच कोपरा बंद? मग एखादा फ्यूज, नाहीतर उडालेलं एखादं बटण. एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

बाहेरची वीज गेली असेल तर बाहेरून आत यायचं. खांबावरचा ब्रेकर बघा. तो उडालेला असला की दांडी मधेच अडकल्यासारखी दिसते. ती आधी पूर्ण 'बंद'कडे दाबा आणि मग 'चालू' करा. नुसती वर ढकलून काम होत नाही. मग केबल घट्ट बसली आहे का बघा. केबल लावताना किंवा काढताना खांबावरचा ब्रेकर नेहमी आधी बंद करायचा. प्लगच्या पात्या काळ्या पडल्या असतील, जळकट वास येत असेल, तर हात लावू नका, तळाच्या माणसाला बोलवा. नंतर गाडीतला मुख्य ब्रेकर. आणि शेवटी न्हाणीतला किंवा ओट्याजवळचा तो प्लग, ज्याच्यावर 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी दोन बटणं असतात. ओल लागली की तो आपोआप वीज तोडतो आणि त्याच्या पुढचे, कधी कधी गाडीबाहेरचेसुद्धा, प्लग बंद पडतात. 'रिसेट' दाबलं की पुष्कळदा सगळं पूर्ववत! पुन्हा पुन्हा उडत असेल तर मात्र दाबत बसू नका. तो काहीतरी सांगत असतो.

बॅटरीची वीज गेली असेल, तर सगळ्यात आधी दाराजवळ बघा. तिथे बॅटरी तोडायचं एक बटण असतं. अगदी दिव्याच्या बटणासारखं दिसतं आणि पोरंबाळं येताजाता ते दाबून ठेवतात. गाडी ठेवून देताना बॅटरी उतरू नये म्हणून ते असतं. मग फ्यूज बघा. मोटारीत असतात तसेच रंगीत प्लास्टिकचे असतात. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. आतली तार तुटलेली दिसली तर त्याच रंगाचा नवा घाला. उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे कुकरची शिटी होऊ नये म्हणून वर वरवंटा ठेवण्यासारखं आहे. मग तार तापते आणि आग लागते.

तरीही कळलं नाही, तर बॅटरीच बघायची. व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर स्वस्तात मिळतं. साधी शिशाची बॅटरी काही वेळ स्वस्थ असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे पिंपाचा तळ दिसला. लिथियमच्या नव्या बॅटऱ्यांना हे आकडे लागू नाहीत. एक लक्षात ठेवा, त्या गोठणबिंदूच्या खाली चार्ज करायच्या नसतात.

सकाळी काय सापडलं

आमचे दिवे मंद होते, म्हणजे पिंप रिकामं. पुढे काही करण्यासारखं नव्हतं. राष्ट्रीय उद्यानांत रात्री जनरेटर लावायला मनाई असते. सगळी अंथरुणं एकत्र केली, बाळाला मधे घेतलं आणि एकमेकांना बिलगून उजाडायची वाट बघितली.

सकाळी जनरेटरचं बटण दाबलं, तर तो नुसता हुंकारला. कारण जनरेटर सुरू व्हायलाही घरचीच बॅटरी लागते! तेव्हा पुढच्या डॅशबोर्डवरचं एक बटण कामी आलं. ते दाबून धरलं की इंजिनची बॅटरी घरच्या बॅटरीच्या मदतीला येते, शेजारणीनं बादलीभर पाणी द्यावं तशी. जावयांनी इंजिन चालू केलं, बटण दाबून धरलं, आणि जनरेटर धडधडला. (एक ध्यानात ठेवा. गाडीची टाकी पाव भागाच्या खाली गेली की पुष्कळ गाड्यांत जनरेटर मुद्दामच बंद पडतो, म्हणजे घरी परतण्यापुरतं इंधन राहतं.)

दिवे लख्ख झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तासाभरानं जनरेटर बंद केला, तर पुन्हा समई! मी म्हटलं, "अहो, तासभर नळ चालू होता आणि पिंपात थेंब नाही. म्हणजे नळीच निसटलेली असणार."

पायरीखालचं झाकण उघडलं. बॅटरीच्या एका टोकावर पांढऱ्या-निळसर भुकटीचा गोळा जमला होता आणि तारेची पकड हातानं हलत होती! आमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पावसाळ्यात मी हेच कितीदा बघितलंय. झाकणं काढली, तर पाणीही पट्ट्यांच्या खाली गेलेलं. भुकटी आणि ढिलेपणामुळे बॅटरी नीट भरतच नव्हती. दिवसभर गाडी चालूनही ती अर्धपोटीच राहिली होती.

आता काय केलं, ते क्रमानं सांगते, कारण हेच तुम्हांला घरीही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी हातातल्या बांगड्या, अंगठी आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवलं. हे विसरू नका! बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण गाफील राहतो. पण सोन्याची बांगडी बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकली, तर क्षणात लालबुंद तापते आणि मनगट भाजतं. डोळ्यांना चश्मा, हातांत रबरी मोजे. जवळ काडी पेटवायची नाही, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो. सगळी बटणं आणि जनरेटर बंद केला. पान्यानं आधी उणे खुणेची तार सोडवली, मग अधिकची. झाकणं घट्ट लावली, म्हणजे सोडा आत जाणार नाही. पाण्यात खायचा सोडा कालवून भुकटीवर ओतला. फसफसलं, फेस आला. जुन्या टूथब्रशनं घासून, पुसून कोरडं केलं. मग आधी अधिकची तार आवळली, शेवटी उणेची, आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. गावातल्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर आधी त्या बुडतील एवढंच पाणी घालायचं. पूर्ण चार्ज झाल्यावर मग खुणेपर्यंत भरायचं. आधीच काठोकाठ भरलं तर उतू जातं, आणि ते नुसतं पाणी नसतं, आम्ल असतं.

जावईबापू बघत उभे होते. म्हणाले, "आई, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, "लोडशेडिंगच्या शाळेत!"

बेरीज करून बटण दाबा

दुसऱ्या रात्री आम्ही खांबाची सोय असलेल्या तळावर उतरलो. आता काय, राजेशाही थाट! विजेचा हीटर लावला, किटली लावली आणि मायक्रोवेव्हमध्ये भात ठेवला. खट्‌! सगळं बंद.

ह्या वेळी कोणी रागावलं नाही. मोठी नात वही घेऊन बसली. तळाची जोडणी ३० अँपिअरची होती. १२० व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॅट. सतत चालवायचं तर तीन हजारांच्या आतच राहावं. आणि आमचा हीटर १,५००, किटली १,५००, मायक्रोवेव्ह पुन्हा दीड हजारांच्या घरात. बेरीज साडेचार हजार! मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरची जोडणी असते. तिच्यात दोन तारांनी वीज येते, त्यामुळे १२,००० वॅटपर्यंत मिळतात. पण लहान गाडीत नियम एकच, तापवणारी वस्तू एका वेळी एक. भात झाला की किटली.

तळ भरलेला असला की उन्हाळ्याच्या दुपारी व्होल्टेजही पडतं. प्लगमध्ये खोचायचा छोटा मीटर बरोबर ठेवा. १०५ च्या खाली गेला तर वातानुकूलन बंद करा, नाहीतर त्याची मोटर जळेल. आपल्याकडे पंखा मंदावला आणि फ्रीज घुरघुरला की आपण बटण बंद करतो ना, तसंच. आणि हो, इथला मिक्सर तिकडे नेऊ नका. आपला २३० व्होल्टचा, तिथे तो धड फिरणार नाही.

इथे मात्र थांबायचं

काही ठिकाणी आपला शहाणपणा बाजूला ठेवायचा. गाडीच्या दाराला किंवा पायरीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वीज गाडीच्या पत्र्यात उतरली आहे. लगेच मुलांना लांब करा, खांबावरचा ब्रेकर बंद करून घ्या आणि वायरमन येईपर्यंत गाडीला शिवू नका. जनरेटरचा धूर खिडकीतून आत येतो का, तेही बघा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. त्यासाठी असलेलं धोक्याचं यंत्र ओरडलं, तर झोपलेल्यांना उठवून बाहेर पडा. त्या रात्रीचं आमचं टिक्‌ टिक्‌ बॅटरी उतरल्याचं होतं. पण ते कशाचं आहे, हे यंत्रावर वाचूनच ठरवायचं. अंदाजानं नाही.

गाडी भाड्यानं घेतानाच मालकाला पाच गोष्टी दाखवायला सांगा. बॅटरी कुठे आहे, ती तोडायचं बटण कुठे, फ्यूजची पेटी कुठे, ब्रेकर कुठे आणि डॅशबोर्डवरचं मदतीचं बटण कोणतं. तो पुरुषांनाच दाखवायला लागला, तर खुशाल मधे जाऊन उभ्या राहा! आमच्या लेकीनं त्या वेळी बाळाला घेऊन सावलीत बसणं पसंत केलं होतं आणि मी सामान लावत होते. बॅटरीचं झाकण त्या दिवशी उघडून बघितलं असतं, तर बाळ रात्रभर गारठलं नसतं, ही रुखरुख मला आजही आहे.

आणि मैत्रिणींनो, मोटरहोम राहू दे. तुमच्या जिन्याखाली, नाहीतर गॅलरीत, इन्व्हर्टरची बॅटरी असेल ना? तिच्या झाकणांवरचे तरंगते दांडे शेवटचे कधी बघितलेत? लाल खुणेच्या खाली गेले असतील, तर आजच डिस्टिल्ड वॉटर मागवा. टोकांवर पांढरी भुकटी दिसली तर काय करायचं, ते आता तुम्हांला माहीतच आहे.

फक्त बांगड्या काढायला विसरू नका!